डावा कौल

माझी बायको सुमती गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली टपरीवर चहात खारी बुडवत होतो. वॉर्डातली मावशी जिना उतरून आली आणि म्हणाली, "काका, वर चला." मी म्हटलं, "एवढी खारी संपवून येतो." ती तशीच उभी राहिली. तेव्हा समजलं. खारी तुटून चहात पडली. खोटं कशाला सांगू, आधी मी ती चमच्याने काढून खाल्ली आणि मग वर गेलो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पडदा ओढलेला होता. हे पहिल्यांदा सांगतो, कारण दोन वर्षांपूर्वी मीच तिला चाळीतल्या चार माणसांसमोर बोललो होतो, "तिकडे परमुलखात मेलीस तर जवळ कोण असणार गो तुझ्या?" ती परमुलखात नाही मेली. इथे घाटकोपरला मेली, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आणि जवळ सलाईनची बाटली होती.

मी सातवी शिकलेला माणूस. सगळा जन्म लेथ मशीनवर गेला, लिहायचं काम कधी पडलं नाही. शाळेतून रिटायर झालेल्या शेजारच्या बाईंनी माझं शुद्धलेखन सुधारून दिलं आहे, मजकूर सुधारलेला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे असं छापायला देणार?" मी म्हटलं, असंच. माझी मुलगी मनीषा बोरिवलीला असते, रविवारची पुरवणी ती चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. माझा फोन ती महिनाभर उचलत नाही. का, ते पुढे येईल.

आमची खोली असल्फ्याच्या डोंगरावर. विमानं एवढी खालून जातात की वाळत घातलेल्या साड्या हलतात असं सुमती म्हणायची. हलत नाहीत, पण ती म्हणायची. साकीनाक्याजवळ विमानात जेवण चढवणारं एक मोठं किचन आहे, तिथे ती बावीस वर्षं ट्रे लावायला होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, एका ट्रेत एक पाव, एक लोणी, एक चमचा, एक रुमाल. विमानात ती जन्मात बसली नाही, पण आवाज ऐकून सांगायची, "हे दुबईचं, हे सिंगापूरचं. ह्यात आज शाकाहारी कमी पडले होते." मी म्हणायचो, "पायलटला फोन कर, डबा घेऊन वर ये म्हणावं." हसायची. तेव्हा हसायची ती.

रिटायर झाल्यावर तिच्या हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये व्हिएतनाम आलं. कोणीतरी एकटी बाई पाठीवर पिशवी टाकून तिकडे फिरत होती आणि सगळं दाखवत होती. सुमती ते भाकऱ्या थापताना बघायची, तव्यावर भाकरी जळायची. मला ओढून दाखवायची, "बघा ना, ह्या बायका चिखलात वाकून लावणी करतायत. अगदी आपल्यासारखी. फक्त आपलं इरलं पाठीवर, यांचं डोक्यावर." मी म्हटलं, "लावणीच बघायची तर गावाला जा, फुकट दिसेल." ती म्हणाली, "गावाला मी लावणी बघत नाही, करते." आणि मग एक दिवस जेवताना, आमटी वाढता वाढता, तिने ते वाक्य टाकलं... "मी तिकडे जाऊन येईन म्हणते. एकटी. पंधरा दिवस."

मला आधी वाटलं कोणा टूरवाल्याबरोबर. म्हणाली, नाही. "टूरमध्ये एक जण झेंडा घेऊन पुढे चालतो आणि बाकी सगळे मागून. मागून चालून झालं माझं." मी म्हटलं, मग मला घेऊन जा. त्यावर ती जे बोलली ते मी विसरलो नाही. "तुम्ही आलात तर मी तिकडे पण तुमचा चहाच करत बसेन." चेष्टेत बोलली. माझ्या मात्र डोक्यात गेलं ते. त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागलो. प्रेमाने नाही, दात काढून. ती कुर्ल्याची रिक्षा करायला निघाली की मी म्हणायचो, "बघ हां, व्हिएतनामला उतरशील." इंग्रजीची वाक्यं ती कागदावर मराठी अक्षरांत लिहून पाठ करायची, कपाटाच्या दाराला चिकटवून. व्हेअर इज बस. नो मीट प्लीज. आय अॅम अलोन. मी ते शेवटचं वाक्य पाहुण्यांना वाचून दाखवायचो, तिच्या आवाजात. लोक हसायचे. ती पाणी आणायला आत जायची.

मनीषाने तिचा पासपोर्ट काढून दिला आणि एक निळी सॅक आणून दिली, त्या फिरणाऱ्या पोरींच्या पाठीवर असते तसली, छातीवर आणि कमरेला पट्टे. सुमतीने तिच्यात दहा किलो तांदूळ भरले आणि रोज सकाळी डोंगराच्या पायऱ्या उतरायची-चढायची. सवय व्हायला म्हणे. साठ वर्षांची बाई, साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर ती पिशवी. मी गॅलरीत उभा राहून ओरडायचो, "हमाल! ए हमाल! सामान कुठल्या फलाटावर?" अख्खी चाळ हसायची. एकदा ती वर येऊन थांबली, घामाघूम, आणि शांतपणे म्हणाली, "आज एकदाही बसले नाही." मी म्हटलं, "मग काय, सत्कार करू?"

पण तिचंही मन पक्कं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. कधी म्हणायची जाते, कधी म्हणायची, पोलिसांनी काही विचारलं तर काय बोलू, आजारी पडले तर काय करू. व्हिएतनामचा नकाशा घडी करून उशाखाली ठेवायची आणि सकाळी कपाटात टाकायची. असे चार महिने गेले. शिमग्याला मी गावाला निघालो तेव्हा ती म्हणाली, "माझं काही ठरत नाही. तुम्ही देवाला कौल लावा. देव हो म्हणाला तर जाईन. नाही म्हणाला तर पुन्हा नाव काढणार नाही." मनीषा फोनवर चिडली, "आई, पासपोर्ट तुझा, पाय तुझे, देवाला काय विचारतेस?" सुमती म्हणाली, "तुला नाही कळायचं ते." आमच्या घराण्यात मुलीचं लग्न कौलाशिवाय झालं नाही, ही खोली कौलाशिवाय घेतली नाही. आणि कौलाला उभा राहायचा तो घरचा पुरुष. बाईचा प्रश्नसुद्धा पुरुषानेच घेऊन जायचा. ती रीत तिने पाळली. तिथे तिची वाट लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. गाऱ्हाणं घालतो. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. बाबल गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेक परमुलखाक जावक बघता, येकटी जाता, तिका होय काय नाय ता सांग, वाटेत तिचो सांभाळ कर." मी म्हटलं, "व्हय महाराजा." गाऱ्हाणं संपून श्वास घेईपर्यंत उजवी कळी पडली. टपकन. मी बाबलला म्हटलं, "परत लाव." तो माझ्याकडे बघायला लागला. "परत कित्याक? देवाक दोनदा इचारूचा नसता." मी म्हटलं, लाव रे तू, कळी नीट चिकटली नव्हती. त्याने कुरकुरत परत लावली. परत उजवी. बाबल हसून म्हणाला, "वैनीक सांगा, देव खूश आसा. जावन इली की नारळ ठेवूक सांगा."

देवळाच्या मागे वडाच्या पारावर फोनला रेंज येते. तिथे बसून मी तिला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिने, म्हणजे फोन हातातच धरून बसली होती. मी एकच शब्द बोललो, "डावा." मागून विमान गेल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं." आणि मग, "येताना कोकमं आणा, संपलीत."

का केलं? लोक म्हणतील काळजीपोटी. काळजी नव्हती. ती हरवेल ही भीती मला एक दिवस वाटली नाही. मला पक्कं ठाऊक होतं की ती नीट जाणार, नीट फिरणार, नीट परत येणार. आणि मग माझ्यासमोर बसून भाकऱ्या थापणारी बाई दुसरीच कोणीतरी असणार, जिला माझी गरज नाही. ते मला नको होतं. मी पण तिच्याशिवाय पंधरा दिवस काढू शकतो की नाही, ते मला कळायला नको होतं. बस्स, एवढंच. देवाच्या नावावर खपवलं.

तिने शब्द पाळला, पुन्हा नाव काढलं नाही. कपाटावरचा इंग्रजी कागद काढला. नकाशा रद्दीत गेला. सॅक मात्र टाकली नाही. तिच्यात गहू भरून दळणाला न्यायला लागली. दर पंधरवड्याला दहा किलो गहू पाठीवर, छातीचा पट्टा लावून, डोंगर उतरून गिरणीपर्यंत, आणि पीठ घेऊन परत वर. मी म्हटलं, "शेवटी पिशवी कामाला आली." ती म्हणाली, "हो ना. देवाची इच्छा."

त्या वर्षी गणपतीला आम्ही दोघं गावाला गेलो. तिथून परत आल्यावर तिला एक नवीन खोड लागली. मी म्हणायचो, "चहा टाक गो," ती म्हणायची, "देवाला विचारून सांगते." "आज बांगडे कर." "देव काय म्हणतो बघते." सरळ चेहऱ्याने बोलायची. मी मित्रांना सांगायचो, म्हातारी भक्तीला लागली. पुढे दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. पायऱ्या बंद, दळण बंद. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. ह्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी मी विचारलं, "बरी होशील ना गो?" तोंडावरचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "कौल लावा. तुम्हालाच नीट दिसतो." मला वाटलं, तापात बडबडते. ताप नव्हता तिला.

तेराव्यानंतर बाबल गुरवाचा फोन आला. सुतक असेपर्यंत करू नये म्हणून थांबला होता. रडला बिचारा. बोलता बोलता म्हणाला, "वैनी लय मोठ्या मनाची हो. त्या गणपतीक देवळात इली, तेव्हा मी इचारलंय, काय वैनी, जावन इलात? देवान दोनदा उजवो दिल्यान! तर वैनीन नारळ ठेवल्यान आणि माका म्हणाली, देवाक सांग, तू होय म्हटलं होतंस, मीच गेले नाय. राग माझ्यावर धर, घरावर नको."

मी फोन कानाला लावून बसलो होतो... तो कधीच बंद झाला होता.

म्हणजे गणपतीपासून तिला माहीत होतं. वर्षाहून जास्त ती माझ्यासमोर बसून जेवली, माझे पाय चेपले, माझ्या बीपीच्या गोळ्या काढून दिल्या, आणि तिला माहीत होतं. भांडली असती तर मी भांडलो असतो. चार शिव्या घातल्या असत्या तर मी आठ घातल्या असत्या, भांडणात मी कधी हरलेलो नाही. तिने मला भांडायलाच दिलं नाही. आणि ती तेव्हाही जाऊ शकली असती, दम नंतर लागला. का गेली नाही, मला कळत नाही. मी मनीषाला फोन करून सगळं सांगितलं, कबूल केलं आणि तेच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तिला देवाकडून काय नकोच होतं. तुम्ही एकदा तोंडाने हो म्हणायला हवं होतं. ठेवते मी." तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मनीषा, वाचत असशील तर... उचलू नकोस. मी असतो तरी उचलला नसता.

घरात पीठ संपलं तेव्हा मी ती निळी सॅक खाली काढली. आत कोपऱ्यांत जुनं पीठ बसलेलं होतं, हाताला लागलं. गहू भरले, पाठीवर घेतली आणि डोंगर उतरायला लागलो. पट्टे तिच्या मापाचे आहेत. ती सडपातळ, मी असा आडवा. छातीचा पट्टा लागत नाही, कमरेचा तर नाहीच, आणि खांद्याचे बगलेत असे रुततात की गिरणीपर्यंत हात बधिर होतात. गॅलरीतून कोणीतरी हाक मारली, "काय काका, कुठे निघाले, फॉरेनला?" दोघं-तिघं हसले. हसणार ना, मीच शिकवलंय त्यांना. गिरणीवाल्याने सॅक उतरवून घेताना माझे खांदे बघितले. म्हणाला, "काकी पण हीच आणायच्या. काका, बकल आहे इथे, पट्टा सैल होतो. करून देऊ?"

मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, "राहू दे तसाच."