आमच्या लॅबमधली गोरी बाई

अमरावतीहून निघताना लोणच्याच्या बरण्यांआधी मी बॅगेत माझा जुना रोलचा कॅमेरा ठेवला. माझी मुलगी मंजिरी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला नोकरी करते. चाळीस वर्षं माझ्या फोटो स्टुडिओत मी गावभरच्या मुलींचे फोटो काढले. पण वीस वर्षांपूर्वी स्थळांना पाठवायला मंजिरीचा एक काढला, त्यानंतर ती माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नाही. या खेपेला तिचा फोटो काढल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच मी विमानात बसलो.

पहिल्या आठवड्यात तीनदा विचारलं. "बाबा, तो टॉपिक नको ना," एवढंच उत्तर. शनिवारी मात्र तिनंच मला मेट्रोनं वॉशिंग्टनला नेलं, काळ्या लोकांच्या चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन बघायला. दारातला पहारेकरी म्हणाला, कॅमेरा उघडा. उघडला असता तर उजेड लागून रोल गेला असता. मी हटून बसलो, मागे रांग वाढली आणि मंजिरी भलतीकडेच बघू लागली. शेवटी त्याचे वयस्कर साहेब आले, "माझ्या वडिलांकडे अस्साच होता" म्हणाले, आणि आमची सुटका झाली.

पहिल्या दालनात साबणाच्या जाहिराती, बिस्किटांचे डबे, कॅलेंडरं. सगळीकडे काळी माणसं एकाच साच्यातली: फुगवलेले ओठ, बटबटीत डोळे, खुळं हसू. एका जाहिरातीत तर काळ्या पोराला साबणानं घासून गोरं केलेलं. गुलामी संपल्यावरही ही चित्रं घरोघरी जात राहिली, आणि ज्यांनी काळा माणूस जवळून पाहिलाच नव्हता त्यांना ती खरी वाटू लागली. मला संताप आला, आणि थोडी भीतीही वाटली; कारण रेघ कसबी होती. काढणारा माझ्यासारखाच पोटार्थी कारागीर असणार.

पुढच्या दालनात स्टुडिओतले फोटो. खुर्ची, रंगवलेला पडदा, खुर्चीच्या पाठीवर हात. थेट आमच्या दुकानातली पोझ. काळी कुटुंबं ठेवणीतले कपडे घालून ताठ बसली होती. शेजारी एक काळ्या बाई उभ्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचं बोलणं मंजिरी मला सांगत होती. "ते डबे आम्ही जायचो त्या प्रत्येक दुकानात असायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून आजी दर वर्षी आम्हाला फोटो काढायला न्यायची. घराच्या भिंतीवर आमचेच चेहरे हवेत, म्हणायची."

त्यांचा निरोप घेऊन वळलो, तर काचेच्या पेटीत एक कार्ड. त्यावर हसरी गोरी बाई. मी तिला तत्काळ ओळखलं. असलंच कार्ड आमच्या रंगीत फोटो छापायच्या लॅबमध्ये मशीनशेजारी टांगलेलं असायचं. तिचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर, असा नियम. वऱ्हाडातल्या उन्हात वाढलेल्या नवऱ्या मुली आम्ही या बाईशी जुळवून छापल्या.

"मंजू, तुझाही फोटो मी हिच्याशीच जुळवला," मी म्हणालो. "वर आणखी उजळ केला."

"माहितीये, बाबा. मला बघायला आलेल्या त्या मुलाची आई फोटो बघत होती, मग मला, मग परत फोटो. फोटोतली मुलगी कुठंय, असं विचारलं त्यांनी. तुम्ही तिथंच बसला होतात."

"चुकलो," मी म्हणालो. एवढं म्हणायला मला वीस वर्षं लागली, याची लाज वाटली.

खालच्या उपाहारगृहात गम्बो (भेंडी घातलेलं दाट कालवण) आणि मक्याचा पाव घेतला. भेंडी आपल्याइतकीच बुळबुळीत, पण चव झकास. मंजिरी मान खाली घालून जेवली. ताटली सारून म्हणाली, "कुठं उभी राहू?"

बाहेर भिंतीच्या सावलीत ती उभी राहिली. मी उजेड तिच्या गालापाशी मोजला, आभाळाचा नाही.

"नंतर रिटच करायचं नाही."

"नाही."

अमरावतीला आल्यावर तो काळा-पांढरा रोल मी स्वतः धुतला. रिटचिंगची पेन्सिल खणातच राहिली. एक प्रत हर्नडनला गेली. मंजिरीनं ती हॉलमध्ये लावली. दुसरीसाठी दुकानाच्या दर्शनी काचेतली गोऱ्यापान नवरीचा जुना फोटो उतरवला.

परवा एक बाई लेकीला घेऊन आल्या. स्थळांसाठी फोटो हवा होता. "काका, जरा उजळ काढा."

मी काचेकडे बोट केलं. "ती माझी मुलगी. असा काढून देतो."

आई घुटमळली. लेक मात्र स्टुलावर जाऊन बसली.