बावीस यार्डांची पट्टी

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. न्यू जर्सीतल्या ज्या पार्कात आम्ही मराठी स्टुडंट्स रविवारी टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो, तिथलं गवत एक पन्नाशीचा ऑस्ट्रेलियन माणूस कापायचा. एकदा कुणी न सांगताच त्याने मैदानाच्या मधोमध बावीस यार्डांची पट्टी कापून दिली, तीही नुसती पावलं मोजून. विचारलं तेव्हा कळलं, तो ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला ऑलराउंडर होता. आमचा लव असलेला बॉलसुद्धा तो सवयीने मांडीवर घासायचा.

"मग क्रिकेट सोडलं कशाला?" मी विचारलं.

"मी कुठे सोडलं? बॅट्समन जखमी झाला की मला बोलवायचे, बोलर जखमी झाला तरी मलाच. ते बरे झाले की मी बाहेर."

पुढच्या रविवारी आमचा जोशी आला नाही, म्हणून मीच त्याला हाक मारली. मशीन बंद करून तो लंगडत, पण पळतच आला. दोन ओव्हर टाकल्या. बॅटिंगला उतरणार, तेवढ्यात जोशीची गाडी पार्किंगमध्ये शिरली.

कुणी काही बोलायच्या आतच त्याने बॅट गवतावर ठेवली आणि तो मशीनकडे चालू लागला. मी थांबवलं नाही. आमचे अकरा झाले होते.