जावेचे पैसे आधी आले

आम्ही दोघी जावा एकाच सकाळी फसलो. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरी एकाच डिलिव्हरीवाल्याने दोन खोके आणले. दुकान बंद होतंय म्हणून अर्ध्या किमतीत माल, अशी जाहिरात आम्ही दोघींनी एकाच मोबाइलवर पाहिली होती. तिने डिनर सेट मागवला होता, मी पिको-फॉलची मशीन. मी घरी ब्लाउज शिवते. पिकोसाठी साड्या बाहेर द्याव्या लागत, तो खर्च वाचवायचा होता.

तिच्या खोक्यात थर्माकोलच्या पत्रावळी निघाल्या. माझ्यात लहान पोरींची प्लास्टिकची मशीन, सेलवर चालणारी. माझी धाकटी जाऊ आधी हसली, मग माझा चेहरा पाहून तिने खोकं बंद केलं. ती नव्या रायपुरात सरकारी कचेरीत आहे, तिला अशा गोष्टी कळतात. तिने लगेच बँकेला फोन लावला, दोघींची सायबर तक्रारही तिनेच नोंदवली. माहेर जुन्या रायपुरातलं, त्यामुळे मराठी कळत असूनही ती हिंदीतच बोलते. म्हणाली, "दीदी, टेन्शन मत लो. दोनों का आ जाएगा."

पण दोघींचे आले नाहीत, एकटीचेच आले. तिने कार्डावरून पैसे भरले होते. बँकेने तिची हरकत ऐकली आणि रक्कम परत जमा केली. मी मोबाइलवरून भरले होते. बँकेतली बाई मला म्हणाली, "आपने खुद पिन डाला है ना?" चोराला मीच दार उघडून दिलं, असा तिचा सूर.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी जाऊ पेढे घेऊन आली. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "शिकलेली पोट्टी हाय. तिले समजते." मग माझ्याकडे वळल्या. "तू काहून तोंड पाडून बसली? घे ना."

मी घेतला. तो पेढा मला अजून आठवतो. पुढच्या आठवड्यात तिने बाजारातून खरा डिनर सेट आणला. रोज मी त्याच ताटांत सगळ्यांना वाढायची आणि मीच घासायची. एक वाटी तरी फुटावी असं मनात येई. फुटली एकही नाही.

नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून धुळीने भरून यायचा. त्याला पैशांचं विचारलं की म्हणे, "सोडून दे आता. गेले ते गेले." पण जावेचे आले होते ना! तिचे गेले असते तर मीही सोडून दिले असते.

मग मी एकटीच सायबर ठाण्यात जाऊ लागले. "दीदी, मैं चलूँ साथ में?" असं जावेने दोनदा विचारलं. "नको, तुझं ऑफिस बुडेल," म्हणाले. एका महिला हवालदाराने अखेर कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, की ज्या खात्यात माझे पैसे गेले ते गोठवलंय, काही रक्कम त्यात अडकली आहे, कोर्टात अर्ज करा. मी अर्ज केला. उन्हात उभी राहिले, तारखा घेतल्या, चुकलेली सही पुन्हा केली. पावसाळा सरता सरता मोबाइल वाजला. पूर्ण नाही, पण बरेचसे पैसे परत आले होते.

त्या दिवशी जावेची बस येईपर्यंत मी फाटकाशीच उभी होते. ती उतरताच सांगितलं, "माझेही आले. मीच आणले." तिचा चेहरा जरा तरी उतरावा, एवढंच मला पाहिजे होतं. तिने पर्स खाली टाकली आणि मला मिठीच मारली. "अरे वाह दीदी! कोर्ट से? मुझसे तो कभी ना होता."

तिने खरंच मनापासून म्हटलं. ते मला आणखीच लागलं. पैसे परत मिळवण्यातही ती पुढे होती आणि मन मोठं करण्यातही.

आलेल्या पैशांत थोडी भर घालून मी मशीन घेतली. तिच्यावर पहिली साडी जावेचीच आली, दिवाळीची. पिको नीट घातला, ब्लाउजही बेतून शिवला. लक्ष्मीपूजनाला ती तीच साडी नेसून आली. "किती शोभून राहिली!" सासूबाई म्हणाल्या. कोणी शिवलं, हे कोणीच विचारलं नाही.