हिरवी लुगडी

माझे वडील माधवनगरच्या एका कापड गिरणीत गोदाम सांभाळायचे. विणताना दोष राहिलेली, न खपलेली ठाणं गिरणी बॉयलरच्या भट्टीत घालायची. स्वस्तात विकली तर बाजारातला भाव पडतो म्हणे. त्या दिवशी आमच्या वाळवणावर काजळी बसायची आणि आई गिरणीच्या नावानं बोटं मोडायची.

बाहत्तरच्या दुष्काळात म्हसवडहून आत्या आली. एरवी जावेला घेऊन यायची, या खेपेला एकटीच. आईनं विचारलं, तर म्हणाली, "दोघीत एकच धड लुगडं हाय, वैनी. ती नेसून खडी फोडाया गेली की मी घरात, मी गेले की ती. हजेरी एकीचीच लागती."

आई उठली ती आत्याला घेऊन थेट गिरणीच्या मालकांपुढे उभी राहिली. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवं मालक, ते कापड जाळता त्यापरीस हिच्या गावाला द्या की!"

मालक जैन व्यापारी घराण्यातले, व्यवहाराला कडक. पण म्हणाले, "खरंच, फुकट दिल्यानं भाव थोडाच पडतो? ट्रक भरा."

ट्रकबरोबर ते स्वतः आले, आम्हीही गेलो. खडीच्या कामावरच्या बायका जमल्या, कापड चाचपलं आणि मागं सरल्या. सगळी ठाणं पांढरीशुभ्र.

"नवरं जित्तं हायती, मालक," एकजण म्हणाली. "पांढरं कसं नेसायचं?"

आईनं कपाळावर हात मारला. दुसरा कुणी असता तर फुकटचं घेऊन वर मिजास कसली, म्हणून चिडला असता. मालक म्हणाले, "चूक माझी आहे." विधवा बायकांना हवी तेवढी ठाणं काढून दिली आणि उरलेली रंगखात्यात नेऊन हिरवीगार करून परत पाठवली. तो माणूस मला तेव्हा फार मोठा वाटला, आजही वाटतो.

त्यानंतर भट्टीत कापड गेलं नाही. वाळवणं स्वच्छ राहू लागली.

पुढे एका सकाळी कडी वाजली. आईनं दार उघडलं. दारात हिरवं लुगडं नेसलेली आत्या होती. तिच्यामागून दुसरं हिरवं लुगडं पुढं आलं.

"वैनी," आत्या म्हणाली, "दोघी आलो."