रफिकभाईची गिरणी अन् पॅसिफिकचं बेट

हसणार नसाल तरच सांगतो. रविवारपासून माझं डोकं फिरलेलं हाय.

माझ्याकडं हॅम रेडिओचं, म्हंजे घरबसल्या जगभर संपर्क करायच्या हौशी रेडिओचं लायसन हाय, हे तुमाला ठावं. आता त्यात तोंडानं बोलायचंच न्हाई. कानाला लागणार न्हाई इतका बारीक सिग्नल कॉम्प्युटर पकडतो अन् पडद्यावर अक्षरं उमटवतो. एक पाळी तुमची, एक समोरच्याची. सगळ्या जगानं एकाच ठोक्यावर चालायचं. सेकंद-दोन सेकंद इकडंतिकडं झालं की संपलं.

रविवारी पॅसिफिकमधलं एक बेट रेडिओवर येणार होतं; काही रेडिओवाले मुद्दाम तिथं जाऊन बसले होते. तेबी दुपारपर्यंतच, मग ती माणसं सामान बांधून चालली. किती वर्षं वाट बघितली होती मी त्याची! सकाळीच बसलो. पडद्यावर सिग्नलच्या रेघा पडतायत, पण अक्षर एक न्हाई.

म्हटलं, हे काम शेजारच्या गिरणीच्या मोटारीचं, तिच्या खरखरीत सिग्नल बुडतोय. गेलो तणतणत.

"रफिकभाई, गिरणी बंद करा. तुमच्यापायी माझं जग तुटलंय."

"भाऊ, बाया ज्वारी घेऊन उभ्या हायत."

"ज्वारी उद्या बी दळता येती. बेट उद्या न्हाई."

बंद केली बिचाऱ्यानं. बायांनी माझा जो उद्धार केला, तो चारचौघात सांगण्यासारखा न्हाई. तरी पडदा कोराच. मग घरातला मिक्सर बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद.

बायको म्हणाली, "मी श्वास घेऊ का, का त्योबी बंद करू?"

शेवटी माजलगावच्या जोशीसरांना फोन लावला. तेबी रेडिओवालेच. म्हटलं, "बेट लागलं का?"

"सकाळीच लागलं. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघा बरं."

असा संताप आला म्हणता! मला घड्याळ शिकवतात?

"सर, आमच्या घरातलं एकूण एक घड्याळ मी सोता लावतो. नोकरीची माजलगावची एस.टी. चुकू नये म्हणून अंदाजानं थोडं पुढंच ठेवतो. कॉम्प्युटरचं बी."

बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, अन् मी गुमान फोन ठेवला.

मोबाइलवर बघून घड्याळ नीट केलं. रफिकभाईला म्हटलं, चालू करा. इकडं गिरणी घरघरायला लागली अन् इकडं पडदा अक्षरांनी भरला. बेट तेवढं गेलतं.

मी पडद्यावरनंच हाका मारत राहिलो. लई वेळानं एका स्टेशननं उत्तर दिलं.

"कोण लागलं?" बायकोनं विचारलं.

"माजलगाव. जोशीसर."

तिनं फ्रिजचं बटण लावलं. "तिथं तर तुमी रोज एस.टी.नं जाता."