रक्ताचा उपवास

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो. लाइट बिल, रेशनचा मेसेज, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी आलं आणि कन्नड गल्लीतच होतं, तेव्हा तिन्ही भाषा येणारी घरात मी एकटीच, असं सगळे धरून चालले. मीही धरून चालले. पुढे जे झालं त्यात या धरून चालण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून ते आधी सांगते.

आम्ही सीमाभागात, शहापूरला राहतो. आप्पा पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम चालवतात. आई मागच्या सोप्यात कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर यंत्राने सूत गुंडाळते. धावत्या सुताने बोट कापणं रोजचंच. पण मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला असताना तिच्या उजव्या हाताचं एक बोट महिना झाला तरी भरून येईना. हळद झाली, मलम झालं. शेवटी वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बोट जेमतेम बघितलं आणि आधी शुगर तपासायला लावली. शुगर होती, आणि बरीच होती.

डॉक्टरीणबाई कन्नड बोलतात. आईचं कन्नड बाजारापुरतं. मधे मी. त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, भात कमी, गोड बंद, रोज चालायचं असं सांगितलं आणि दर महिन्याला रक्त तपासायची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर इंग्रजीत दोनच गोष्टी होत्या, फास्टिंग आणि पीपी. पीपी म्हणजे जेवल्यावर दोन तासांनी, हे नर्सने सांगितलं. फास्टिंगचा अर्थ मला येत होता, म्हणून मी विचारला नाही. घरी येताना आईला सांगितलं, सकाळी उपवास करून जायचं आणि रक्त द्यायचं, मग घरी येऊन जेवायचं आणि दोन तासांनी परत जायचं. आई म्हणाली, बरं.

आईने आजार फार निमूटपणे अंगावर घेतला. भाताचा डाव बदलून पळी आणली, एक पळी भात, बाकी जोंधळ्याची भाकरी. चहातली साखर एका दिवसात सोडली. पहिले आठ दिवस चहा पिताना औषध घेतल्यासारखं तोंड करायची, नंतर तेही थांबलं. संध्याकाळी आप्पांचे माग बंद झाले की ती गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत चार फेऱ्या मारायची. शेजारणी विचारायच्या, काय हरवलंय का वैनी, एवढ्या येरझाऱ्या घालताय त्या? आई म्हणायची, व्हय, शुगर हुडकालेय. रात्री झोपण्याआधी पाय पुसून तळवे उजेडात बघायची, कुठे खरचटलं तर नाही ना. ते बोटही हळूहळू भरून आलं.

पण रिपोर्ट काही सुधारेना. त्यातही एक विचित्र गोष्ट होती. जेवणानंतरचा आकडा थोडा थोडा उतरत होता आणि सकाळचा, उपाशीपोटीचा, मात्र दोनशेच्या वर. डॉक्टरीणबाईंनी दोन महिने वाट बघितली, गोळी वाढवली. तरी तेच. मग त्यांनी आईकडे बघून, पण मला विचारलं, या रात्री उठून काही खातात का? गोड काही?

मी आईला विचारलं. आई म्हणाली, न्हाय. मी कन्नडमध्ये नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाई थोडं हसल्या आणि म्हणाल्या, सगळे नाहीच म्हणतात. घरच्यांनी लक्ष ठेवायला पाहिजे.

आम्ही लक्ष ठेवलं. हे लिहायला मला बरं वाटत नाही. आप्पा जेवताना टोमणे मारू लागले. मांजर झोपतंय व्हय रात्री, का दुधाच्या भांड्याकडं जातंय, असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणायचे. मी गुळाचा डबा वरच्या फळीवर नेला. पाहुण्यांनी खव्याचा गोड कुंदा आणला की डब्यातला कुंदा चमच्याने सपाट करून त्यावर एक रेघ ओढून ठेवायचे, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. आईच्या ते लक्षात आलं होतं. एकदा मला चहा देताना म्हणाली, "रेघ बघून आलीस का? वाकडी झाली असंल तर आजच फाशी दे मला."

रेघ कधीच वाकडी झाली नाही. त्यावर मी काय विचार केला, तर ही बाहेर कुठेतरी खात असणार.

गोळी दुसऱ्यांदा वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच साखर द्यायची. पंधरा दिवसांतच तसं झालं. मी कॉलेजवरून दुपारी घरी आले. पुढे माग चालू होते. मागे आई कांड्यांच्या यंत्रापुढे बसली होती, सूत तुटलेलं होतं, यंत्राची चाती रिकामीच फिरत होती आणि आई सुताचं टोक भलत्याच कांडीवर शोधत होती. पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मी धावत जाऊन वाटीत साखर आणली. तिने तोंड मिटून घेतलं.

"साखर नको," ती म्हणाली. "परत म्हणशीला, खाल्ली म्हणून."

मी तिचं डोकं धरून चमचा तोंडात घातला. पंधरा-वीस मिनिटांनी ती ताळ्यावर आली आणि मला विचारलं, जेवलीस का. तिने काय म्हटलं होतं ते तिला आठवत नव्हतं. मला अजून आठवतं.

एवढी वाढलेली शुगर अशी एकदम खाली कशी आली, हा प्रश्न तेव्हाही माझ्या मनात यायला हवा होता. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, गोळी घेऊन जेवायला उशीर झाला का? झाला होता, एक साडी संपवायची घाई होती. कारण मिळालं, आमचं समाधान झालं. मात्र त्या म्हणाल्या की पुढच्या महिन्यात सकाळचा आकडा असाच आला तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करू. तीन महिन्यांची शुगर एकदम सांगणारी एक तपासणी असते, ती तिथे होत नव्हती, बाहेर करून आणा असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. ते आमच्याकडून राहूनच गेलं होतं.

घरी येताना आईने रस्त्यात एकच विचारलं, इंजेक्शन कोण देणार? मी म्हटलं, मी देईन, शिकवतात.

रक्त द्यायला आई नेहमी एकटी जायची, कारण सकाळी माझं कॉलेज. मी फक्त रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाताना सोबत असायचे. त्या महिन्यात दसरा होऊन गेला तरी कॉलेजची सुट्टी संपली नव्हती, म्हणून मी म्हटलं, मीही येते. साडेसहाला उठून स्वयंपाकघरात गेले तर कढईत जिऱ्या-मिरचीची फोडणी होती आणि आई भिजवलेला शाबू मोकळा करत होती. शेंगदाण्याचं कूट बाजूला वाटीत काढलेलं होतं.

मी विचारलं, "आज कसला उपवास गं?"

"कसला म्हंजे? रक्ताचा."

मला काहीच कळलं नाही. तेव्हा तीच पुढे म्हणाली, "रक्त द्यायचं हाय न्हवं आज? तूच सांगितलंस की, उपवास करून जायचं म्हणून. मी काय जेवून जात न्हाय कधी. शाबू तेवढा खाते नि बिनसाखरेचा चहा. आठ वाजता रांगेत उभं ऱ्हायला पोटात आधार नको व्हय?"

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. एकदा शाबू न्हवता, तवा दोन केळी खाल्ली."

मी स्टुलावर बसले. काय झालं होतं ते मला हळूहळू समजत गेलं. आमच्या घरात उपवास म्हणजे उपाशी राहणं नाही. उपवास म्हणजे भाकरी-भात सोडून दुसरं काही खाणं. सोमवार, संकष्टी, नवरात्र, आईचं सगळं आयुष्य हेच करण्यात गेलं. तिने मी सांगितलेला उपवास अगदी चोख पाळला होता. सकाळचा तो दोनशेच्या वरचा आकडा शाबूचा होता, आणि त्या आकड्यावर दोनदा गोळी वाढली होती.

मी तिला सांगितलं. फास्टिंग म्हणजे काहीच न खाता, फक्त पाणी. माझं चुकलं, मी चुकीचा शब्द सांगितला.

आईने गॅस बंद केला. कढईवर झाकण ठेवलं.

"मग उपाशी म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "उपाशी कळत न्हाय व्हय मला?"

यावर मी नंतर खूप विचार केला. उपाशी हा शब्द मला येत नव्हता असं नाही. पण चिठ्ठीवर इंग्रजी होतं, आणि मला वाटलं असावं की त्याला साजेसा, पुस्तकातल्यासारखा शब्द वापरावा. उपाशी हा फार घरातला शब्द वाटला. एवढंच.

ती खिचडी आप्पांना नाश्त्याला दिली आणि आम्ही दोघी निघालो. रक्त घेणाऱ्या माणसाने सुई उघडता उघडता आईला विचारलं, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? आई म्हणाली, "इल्लरी." नाही. आईने नंतर सांगितलं, वर्षभर तो हेच विचारत होता आणि ती हेच सांगत होती, आणि ते खरंच होतं.

सकाळचा आकडा चौऱ्याण्णव आला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, वरचं नाव तपासलं आणि म्हणाल्या, हा दुसऱ्या कुणाचा आलाय की काय. मी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. घरातून ठरवून आणलेली वाक्यं होती, ती तिथे गेल्यावर विसरले. अडखळत सांगितलं की उपवास हा शब्द मी वापरला, आणि आईने दर वेळी शाबूची खिचडी खाऊन रक्त दिलं. उपवास हा शब्द कन्नडमध्येही आहे, त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. त्यांचं पेन थांबलं. म्हणाल्या, आमच्या आई उपवासाला अवलक्की, म्हणजे पोहे, खातात, ताट भरून. मग हसू आवरून त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, मी रात्रीचं विचारत राहिले, सकाळचं एकदाही विचारलं नाही. त्यांनी जेवणाआधीची गोळी अर्धी केली, इंजेक्शनचा विषय काढून टाकला आणि ती तीन महिन्यांची तपासणी या वेळी नक्की करून आणा म्हणून लिहून दिलं.

मी उठले, पण आई उठली नाही. तिने माझा दंड धरला.

"तिला सांग," ती म्हणाली, "मी रात्रीचं काय खात न्हवते म्हणून."

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गोत्तातरी, आव्वा." समजलं मला. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं तर आईने हातानेच थांबवलं. तिला ते कळलं होतं.

दुपारी जेवताना आईने मला आप्पांपुढे सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी काही गाळायला लागले की ती आठवण करून द्यायची. आप्पा भाकरी मोडत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हंजे तू रात्रीचं काय खात न्हवतीस."

"वर्षभर दुसरं काय सांगत होते?"

"मग तवा ठणकावून सांगायचं होतंस की."

"सांगितलं की. तवा तुम्ही उठून माग चालू केलासा."

आप्पा हात धुऊन पुढच्या खोलीत गेले, पण माग चालू झाल्याचा आवाज आला नाही. मी डोकावून बघितलं तर मागाजवळच्या फळीवर नुसते बसले होते. आईने भरलेल्या कांड्यांची बुट्टी नेऊन त्यांच्याजवळ ठेवली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गोळी घेतलीस न्हवं जेवायच्या आधी?"

"अर्धी."

"अर्धीच?"

"अर्धीच सांगितलीया."

एरवी तिच्या अशा उत्तरानंतर आप्पा माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवली की मगच त्यांना पटायचं. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बुट्टीतली एक कांडी उचलली, धोट्यात बसवली आणि बटण दाबलं.