साच्यातली सोबत

आमच्या ऑफिसात अमावस्येला फाइल पुढे न सरकवणारे दोन गृहस्थ होते, आणि त्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. लग्नाकार्यात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी मुद्दाम जोरात मठ्ठा मागायचो. असा मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लिहा खुशाल, पण स्वतःला शूर दाखवू नका." काळजी नसावी. तसा प्रसंगच आला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा त्याचं गुरुग्राम झालेलं नव्हतं. पाचवा मजला. एका खिडकीतून मोहरीची शेतं, दुसरीतून अर्धवट टॉवर. ब्रोशरमध्ये जनरेटरचा फोटो होता, आणि जनरेटर खरोखर होताही... फक्त त्यात डिझेल कुणी घालायचं यावर कमिटीत भांडण चालू होतं. म्हणून लाइट गेली की लिफ्ट बंद, आणि लाइट रोज जायची.

हॉलमध्ये मी हट्टाने पांढरा मार्बल घातला होता. येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढून त्यावरून चालवून आणायचो. त्याच मार्बलवर एका रविवारी मी स्वतः आडवा झालो. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पाच मजले, बंद लिफ्ट आणि माझं वजन... सगळ्याचा हिशेब करून डॉक्टर म्हणाले, "आता घरातच राहा, साहेब." झालं. स्वतःच्या कष्टाच्या फ्लॅटमध्ये मी नजरकैदेत.

त्याच आठवड्यात मंजिरी आली. ही सुनंदाच्या बहिणीची मुलगी, जन्माने, वाढीने दिल्लीची. विद्यापीठात आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या विभागात पीएचडी करत होती. विषय होता सिद्दी समाज. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी अरब आणि पोर्तुगीज जहाजांतून गुलाम म्हणून, शिपाई म्हणून आपल्या किनाऱ्यावर आणलेले आफ्रिकन लोक. कारवारकडच्या जंगलात त्यांच्या वाड्या आहेत. घरात कोंकणी-मराठी बोलतात.

मंजिरीच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं एक खोकं होतं.

"काका, हे थोडे दिवस ठेवाल ना? डिपार्टमेंटची स्टोअररूम रिकामी करतायत, सगळं भंगारात चाललं होतं. होस्टेलवर रूममेट म्हणते, या खोलीत एक तर हा राहील नाहीतर मी."

टॉवेल उघडला. आत प्लास्टरचा चेहरा. जाड ओठ, मिटलेले डोळे, कपाळावर बारीक आठी. तरुण माणसाचा होता.

"कोण गं हा?" सुनंदाने विचारलं.

"तेच तर शोधायचंय, मावशी. पूर्वीचे संशोधक असे चेहरे मोजायचे, साचे काढून न्यायचे. मागे फक्त नंबर टाकलाय. नाव कुणी विचारलंच नाही. मी याचा फोटो घेऊन वाड्यांमध्ये फिरणार आहे."

"मेलेला असेल," मी म्हटलं.

"काका, यार!" म्हणून ती गेली. सुनंदाने खोकं माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं, चेहरा वर करून. "तोंडावर टॉवेल नको," म्हणाली. "गुदमरल्यासारखं दिसतं."

दुसऱ्या दिवशी जेवून पडलो. डोळा लागला असावा. जाग आली ती अंधारात. डोळे उघडेनात. पापण्यांवर काहीतरी ओलं, थंड, जड. तोंड उघडायला गेलो तर ओठ बंद. श्वास येत होता, पण दोन्ही नाकपुड्यांत बारीक नळ्या खुपसल्यासारखा, शिटी वाजवत. मग ते थंड हळूहळू गरम व्हायला लागलं आणि आवळायला लागलं. जवळच कुणीतरी म्हणालं, "हिलना मत. बस, थोड़ी देर." पावलं दूर गेली. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मग कुणीच नाही.

संकटात लोक रामरक्षा म्हणतात. मला ती येत नाही. मला जे येतं ते मी मनात म्हणायला लागलो... सतराचा पाढा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा सक एकशे दोनच्या पुढे मी शाळेतही अडायचो, तिथेही अडलो. इतक्यात सुनंदाने गदगदा हलवलं.

"अहो! घोरता घोरता एकदम थांबलात की!"

डॉक्टर फोनवर म्हणाले की याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, पेनकिलरने होतं कधीकधी. मला एकदम पटलं. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी जास्त वेळ. जागं राहायचं ठरवलं तर टीव्हीसमोर बसल्या बसल्या व्हायचं. पुढे पुढे एक नळी गळून पडल्यासारखं वाटायचं, मग एका नाकपुडीवर सगळा जीव. उठून पळावं तर पाय प्लास्टरमध्ये, पळून जावं तर लिफ्ट बंद. सुनंदा म्हणाली की शेवटच्या वेळी माझे ओठ निळे पडले होते. तिला मला जागं करायला आता वेळ लागत होता, आणि एखाद्या दिवशी मी जागाच होणार नाही, हे आम्ही दोघंही न बोलता जाणून होतो.

तेवढ्यात कारवारकडे गेलेल्या मंजिरीचा एसटीडी बूथवरून फोन आला. पाय कसा आहे विचारलं. मी हसत हसत, म्हणजे हसण्याचा प्रयत्न करत, तिला स्वप्नाचं सांगितलं. तिने मला मधेच तोडलं.

"काका, नळ्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"साचा असाच घेतात. चेहऱ्याला तेल लावून, नाकात नळ्या घालून ओलं प्लास्टर थापतात. सुकताना ते गरम होतं. मी तर काहीच बोलले नव्हते..."

सुनंदाने खोकं उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. त्या दुपारीही व्हायचं ते झालंच.

मग दोन दिवसांनी पुन्हा फोन. मंजिरीचा आवाज चढलेला.

"काका, सापडला! जिवंत आहे! आजोबा झालाय. फोटो बघून म्हणाला, हा मीच. बसून ऐका हं."

"मी दुसरं करतोय काय?"

तिने सांगितलं ते असं. तो तेव्हा विशीतला असेल. झाडाखाली खाटेवर निजवून, चेहरे मोजायला आलेल्या साहेबांनी त्याच्या तोंडावर प्लास्टर थापलं. तेवढ्यात कुणीतरी बोलवायला आलं आणि सगळे जीपमधून गेले. हललास तर साचा बिघडेल, मार खाशील, असं बजावून गेले. एक नळी निसटली. तो संपल्यातच जमा होता.

"आणि मग म्हणतो, आत कुणीतरी आलं," मंजिरी म्हणाली. "माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागलं. पण भयंकर भित्रं होतं, माझ्यापेक्षा भित्रं. सारखे आकडे म्हणायचं. सतरा, चौतीस, एक्कावन्न... आणि पुढे कुठेतरी अडायचं. म्हणाला, त्याची मला इतकी दया आली की माझी भीतीच गेली. हॅलो? काका?"

पाढ्याचं मी सुनंदालाही सांगितलेलं नव्हतं. लाजेने.

"मधेच निघून जायचं म्हणे ते, पुन्हा यायचं," मंजिरी सांगत होती. "शेवटच्या खेपेला मात्र थांबलं. साहेब परत येईपर्यंत. ते थांबलं नसतं तर मी गेलो असतो, असं म्हणाला."

फोन ठेवला. मी सुनंदाकडे बघितलं. आजपर्यंतच्या प्रत्येक खेपेला तिने मला हलवून बाहेर काढलं होतं. मी अजून एकदाही थांबलो नव्हतो.

"आज उठवू नकोस," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? आणि श्वास बंद पडला तर?"

"तो माणूस जिवंत आहे ना? म्हणजे मी थांबलो असणार."

"तो जिवंत आहे हो. तुमचं काय झालं ते कुठे सांगितलंय त्याने?"

ती रागाने उठून गेली आणि पर्समधला छोटा आरसा घेऊन आली. तो माझ्या नाकाखाली धरून बसली. "वाफ दिसेनाशी झाली की उठवणार. मग तुमचा सिद्दी जाणे आणि तुम्ही जाणा."

अंधार आला. थंड, मग गरम. पावलं गेली, मोटार गेली. नळी निसटली. मी पाढा सुरू केला आणि नेहमीच्या जागी अडलो. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. हात उचलून सगळं ओरबाडून काढावं असं वाटलं, पण हात माझे नव्हते. सुनंदाला हाक मारावी तर तोंड माझं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दर वेळी मी त्या एका नळीतून एकट्यासाठी हवा ओढत होतो. ओढाओढ करत होतो. मी ती सोडली. किती अवघड गेलं ते सांगता येणार नाही. आणि छाती आपोआप वर आली. खाली गेली. ती मी हलवत नव्हतो. मग तीच छाती बारीक बारीक हिसके द्यायला लागली. मला वाटलं संपलं. पण ते हसू होतं. माझं नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. पावलं धावत आली. हनुवटीखाली बोटं शिरली, भुवयांचे केस तडतडले आणि उजेड घुसला. झाडाची पानं खालून दिसली, एवढं नक्की. मग आमचा पंखा, आणि रडणारी सुनंदा.

"वाफ दिसत होती," ती म्हणाली. "पण दुप्पट वेगाने येत होती हो."

त्यानंतर पुन्हा कधी झालं नाही. मी बऱ्याच शहाण्या लोकांना विचारलं. डॉक्टरांनी औषधं सांगितली, एका प्राध्यापकांनी मला आधी कुठेतरी वाचलेलं आठवत असेल म्हणून सांगितलं, मेहुण्याने नारायण नागबळी सुचवला. तो माझ्या किती वर्षं आधी त्या खाटेवर होता, मग मी त्याच्याजवळ पोचलो कसा, आणि तो वाचला हे कळलं नसतं तर मी थांबलो असतो का... मला काहीही कळलेलं नाही.

मंजिरीने मात्र पुढच्या आठवड्यात त्याला बूथवर आणलं. "घ्या, बोला," म्हणाली. मी "हॅलो" म्हटलं. पलीकडून कुणी बोललं नाही. मलाही पुढचं सुचेना. आम्ही दोघं नुसते फोन धरून होतो, आणि मागून मंजिरी ओरडत होती, "काका, बोला ना काहीतरी, मीटर चालू आहे!"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो मी ओळखला.